सॅमभाऊंचा बसमधला सिनेमा

दिल्लीत राहून टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळा झळकलेला मराठी माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी छाती पुढे काढून सांगतो, मीच. फक्त दर वेळी मी मेलेला होतो. एकाच सिरियलमध्ये, वेगवेगळ्या पागोट्यांत, कधी मिशी लावून तर कधी मिशी काढून... आणि ती सिरियल लिहिणारे आमचे सॅमभाऊ, म्हणजे सॅम्युएल भिंगारदिवे, गेल्या नाताळाच्या थोडं आधी गेले. हे मी बोलतोय आणि माझी सून लिहून घेतेय. मला लिहिता येतं, पण लिहिलेलं नंतर मलाच वाचता येत नाही, म्हणून ही व्यवस्था.

फोन आला तेव्हा मी दुकानात भट्टीसमोर होतो. करोल बागेत माझं गलाईचं दुकान आहे, म्हणजे लोकांचं जुनं सोनं वितळवायचं आणि त्यातली भेसळ काढून टाकायची. आमच्या खानापूर तालुक्यातली पोरं शाळेत चालली नाहीत की याच धंद्यात येतात, आणि मी तर शाळेत अजिबातच चाललो नव्हतो. तर सोनं वितळवायची मूस लालबुंद झाली होती आणि सॅमभाऊंच्या बायकोचा, एस्तेरवहिनींचा फोन. म्हणाल्या, "दत्तूभाऊजी, सॅम गेले." मला नीट ऐकू आलं, समजलंही. पण तीस-पस्तीस वर्षं त्या घरी फोन केला की वहिनी म्हणायच्या, सॅम बाजारात गेलेत, सॅम चर्चला गेलेत, आणि मी ठरलेलं उत्तर द्यायचो. तेच तोंडातून निघून गेलं... "आले की फोन करायला सांगा." वहिनी "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. एवढ्या मोठ्या दुःखात त्या बाईला मला सांभाळून घ्यावं लागलं. दफनाला गेलो तेव्हा मी तोंड लपवून मागे उभा होतो, तर त्यांनीच हाक मारून पुढे घेतलं.

माती देऊन परत येताना गाडीत सारखं एकच मनात येत होतं. या माणसाबरोबर एक अख्खा सिनेमा जातोय. कारण तो सिनेमा कधी बनलाच नाही, कुठे कागदावर राहिला नाही, तो फक्त सॅमभाऊंच्या तोंडात होता.

त्यांची माझी ओळख टीव्हीमुळेच झाली. तेव्हा एकच चॅनेल होतं, आणि माझ्या खोलीत तेही नव्हतं. सॅमभाऊ मूळचे नगरचे, इथे एका मंत्रालयात अनुवादाच्या कामावर, आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर. एकदा सासूबाईंचं तुटलेलं मंगळसूत्र घेऊन माझ्याकडे आले, पाटीवर मराठी नाव बघून बोलत बसले आणि जाताना म्हणाले, रविवारी घरी या, आमच्याकडे टीव्ही आहे. मी गेलो तो कायमचा. त्यांच्या चटईवरची कोपऱ्यातली जागा माझी झाली. शेजारचे तमिळ, बंगाली, गढवाली, सगळे यायचे. कॉलनीत त्यांच्याएवढं मन लावून सिरियल बघणारा माणूस नव्हता, आणि त्यांच्याएवढा शिव्या खाणाराही नव्हता. कारण दोन भाग झाले की सॅमभाऊ चष्मा पुसत सांगायचे, "हा सिनेमा आहे, यार. उगाच ताणलाय." आणि पुढची सगळी गोष्ट दहा मिनिटांत सांगून टाकायचे. ती बहुतेक तशीच निघायची. शेजारच्या बंगाली बाईंनी एकदा त्यांना गॅलरीत बसवून आतून कडी लावली होती, पुढचं फोडतात म्हणून.

मला वाटायचं, याला लांब काही आवडतच नाही. पण तसं नव्हतं. एका कुटुंबाचं घर बांधण्यावर एक सिरियल होती. प्लॉट, नकाशा, भावाभावांची भांडणं... ती चांगली दोन वर्षं चालली. मी कंटाळून झोपायचो आणि सॅमभाऊ टक लावून बघायचे. मी म्हटलं, "आता ही नाही का ताणलेली?" तर म्हणाले, "अरे, घर असंच बांधलं जातं. ती पोरं आपल्यासमोर मोठी होतायत, म्हातारा आपल्यासमोर वाकतोय. दर आठवड्याला थोडं थोडंच दिसायला पाहिजे ते." आणि दुसरी एक होती, एक तारवाला तार घेऊन निघालाय आणि त्यात कुणीतरी गेल्याची बातमी आहे. तो बिचारा पावसापासून हिवाळ्यापर्यंत सायकलच चालवत होता. सॅमभाऊ अक्षरशः चिडायचे. "त्याला एकदा ते दार वाजवायचंय, दत्तू. एकदाच. माणसाच्या पोटात भीती एका दमात भरते. आज थोडी, पुढच्या रविवारी थोडी, अशी नाही भरत. दुःखाला मध्यंतर चालतं, आठवडा चालत नाही."

मला यातलं काय कळत होतं? मी मान हलवायचो आणि वहिनींच्या हातचे कांदेपोहे खायचो.

माझ्या भट्टीवर येऊन बसायचीही त्यांना आवड होती. एकदा मुशीत बघत म्हणाले, "तू सोन्यातून हिणकस काढतोस. हे लोक हिणकसात थोडं सोनं टाकतात आणि आठवडाभर शोधायला लावतात." मला ते इतकं आवडलं की मी ते आलेल्या गिऱ्हाइकाला हिंदीत माझं म्हणून ऐकवलं. उलटं ऐकवलं. गिऱ्हाइकाला वाटलं मी सोन्यात भेसळ करतो. ते उठून समोरच्या दुकानात गेलं.

तर अशा माणसाने स्वतः एक सिनेमा लिहिला. पानिपतचा, पण त्यात सरदार नाहीत, तोफा लांबून ऐकू येतात तेवढ्याच. एकाच दिवसाची गोष्ट. लढाईच्या पहाटे छावणीत शेवटचं पीठ मळलं जातं. चंद्रा नावाची एक बाई, यात्रेच्या आशेने फौजेबरोबर उत्तरेत आलेली. तिचा नवरा बैलांवर राबणारा साधा गडी. तो न खाताच पुढे निघून जातो. तिच्याकडे अर्धी भाकरी उरलेली असते. ती फडक्यात बांधते आणि त्याला द्यायला निघते. बस्स. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ती बाई त्या रणात अर्धी भाकरी घेऊन नवऱ्याला शोधते. मी कितीतरी वेळा ऐकलीय ही गोष्ट, आणि आत्ता सांगतानासुद्धा सुनेकडे बघायचं टाळतोय.

शेवट मात्र त्यांना सुचत नव्हता. पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मी होतो तिथे. चंद्रा ती भाकरी एका जखमी शिपायाला देते, असा शेवट होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी वाहवा वाहवा केलं. वहिनी आत लसूण सोलत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "तिने स्वतः काय खाल्लं मग?" सॅमभाऊ म्हणाले, "काही नाही." वहिनी म्हणाल्या, "दिवसभर उपाशी चालली आणि रात्री परत इतक्या लांब चालत जायचं. तो शिपाई मरणारच आहे. तिला खाऊ दे की." सॅमभाऊंनी उठून शेवटची दोन पानं फाडली. नवीन शेवटात ती एका आंब्याखाली बसते आणि ती अर्धी भाकरी स्वतः खाते. सगळी. आणि उठून दक्षिणेकडे चालायला लागते. ते ऐकून मी वाहवासुद्धा करू शकलो नाही.

सिनेमाला पैसे लावायला कुणी तयार होईना. शेवटी बत्रासाहेब म्हणून एक निर्माते भेटले. पहाडगंजमध्ये ऑफिस, गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "भिंगारदिवेजी, दो घंटे में क्या होता है? स्लॉट मिल रहा है, हफ्ते-हफ्ते दिखाएंगे. कहानी वही रहेगी, बस थोड़ी सांस लेगी." घरी येऊन सॅमभाऊंनी सगळी पानं पुन्हा एकदा वाचून काढली. मग वहिनींना म्हणाले, "निदान कुणी बघेल तरी." आणि सगळी पानं देऊन टाकली. ती पानं पुन्हा कधी परत आली नाहीत.

माझी एंट्री इथे होते. नजफगडच्या बाजूला एका शेतात शूटिंग होतं. मेलेले मराठे म्हणून जी माणसं आणली ती सगळी आसपासच्या गावांतली, दूध-तुपावर वाढलेली. कॅमेऱ्यात बघितलं तर उपाशी फौज कुठली, कुस्तीचा आखाडा झोपलाय असं वाटत होतं. मी त्या काळी काडी होतो. सॅमभाऊंनी मला पुढे केलं. गोष्टीत एकच जागा होती, चंद्राला वाटतं हा आपला नवरा, ती घाबरत घाबरत प्रेत उलटं करते आणि तो दुसराच कुणीतरी निघतो. तो दुसराच कुणीतरी म्हणजे मी. पहिल्या वेळी उलटं केल्यावर मी शिंकलो. दुसऱ्या वेळी तिला नमस्कार केला, सवयीने. तिसऱ्या वेळी कुठे मी नीट मेलो.

आणि मग बत्रासाहेबांना ते इतकं आवडलं की दर भागाचा शेवट तोच झाला. चंद्रा प्रेताजवळ येते, हात पुढे करते, संगीत... बाकी पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात प्रेत उलटं केलं की मीच. करोल बागेत लोक टीव्हीच्या दुकानासमोर उभे राहून म्हणायचे, "लो, फिर वही निकला." मधल्या काळात चंद्राचं बालपण आलं, एक दुष्ट सावकार आला, छावणीत नाच आला. आणि ती अर्धी भाकरी तशीच फडक्यात. माझ्या दुकानाखालचा पानवाला मला गंभीरपणे विचारायचा, "भाई साहब, तुम्हारे यहां की रोटी खराब नहीं होती?" खरी लढाई एका दिवसात संपली होती. आम्हाला गणपतीपासून होळीपर्यंत वेळ लागला. आणि शेवटच्या भागात नवरा जिवंत निघाला, कारण पुढची सिरियल काढायचा विचार होता. ती काही निघाली नाही.

मी रागाने म्हटलं, कशाला बघता तुम्ही? पण सॅमभाऊ एकही भाग चुकवत नव्हते. पहिल्या पाटीपासून शेवटच्या नावापर्यंत चटईवर ताठ बसून बघायचे. म्हणाले, "आपलं पोर नापास झालं तरी शाळा सुटल्यावर आणायला आपणच जायचं असतं." बत्रांबद्दल एक वाईट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मी मात्र बत्रांना चार गोष्टी सुनवायला म्हणून गेलो आणि त्यांच्याकडून लस्सी पिऊन, त्यांच्याबरोबर फोटो काढून आलो.

दर वर्षी संक्रांतीला आमच्या इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला. युद्ध झालं तिथे स्मारक आहे, महाराष्ट्रातूनही लोक येतात, फुलं वाहायची, तिळगूळ वाटायचा आणि परत यायचं. सिरियल संपल्यानंतरच्या जानेवारीत बसमध्ये कुणीतरी चेष्टेने विचारलं, "काय सॅमभाऊ, भाकरी संपली का शेवटी?" सगळे हसले. मी सगळ्यात जोरात. सॅमभाऊ उठले, ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "ते सोडा. काय होणार होतं ते सांगतो." बस करोल बागेतून निघत होती. "पहाट आहे. थंडी आहे. छावणीत शेवटचं पीठ मळलं जातंय..." ना हातवारे, ना आवाज चढवणं. मुरथलला बस पराठ्यांसाठी थांबते, तिथे बरोबर मध्यंतर आलं. आणि जो माणूस एरवी तीन पराठे खातो तो मी, एक खाऊन घाईने परत बसमध्ये आलो. मीच नाही, सगळेच. काला अंबच्या फाटकात बस वळली तेव्हा चंद्रा आंब्याखाली बसली होती. बस थांबली आणि ती उठून चालायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकेक जण खाली उतरला. त्या दिवशी स्मारकासमोर आम्ही जसे उभे राहिलो तसे आधी कधी उभे राहिलो नव्हतो.

तेव्हापासून दर वर्षी तोच सिनेमा. इथे जन्मलेली पोरं, ज्यांना मराठीतले निम्मे शब्द अडतात, तीही पुढच्या सीटसाठी भांडायची. हरियाणवी ड्रायव्हरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तो हॉर्न वाजवायचा नाही. एका वर्षी फार धुकं पडलं. सोनिपतच्या पुढे बस अडकली ती हलेचना. सॅमभाऊ ज्या वाक्यावर होते तिथेच थांबले आणि शांतपणे खाली बसले. लोक म्हणाले, अहो सांगा की, वेळ जाईल, अजून दोन माणसं घाला गोष्टीत. मी तर म्हटलं, माझं प्रेत घाला परत. सॅमभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "रस्ता लांबला म्हणून गोष्ट लांबवायची नाही." बस हलल्यावर उठले आणि पुढचं वाक्य बोलले.  मला त्या दिवशी कळलं की हा माणूस किती मोठा आहे. त्याआधी मला वाटायचं, मोठा म्हणजे गॅझेटेड ऑफिसर.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, ते द्वारकेच्या फ्लॅटमध्ये गेले. दिवाळीनंतर मी भेटायला गेलो ती शेवटची भेट. नाकात नळी होती आणि हातात फोन. नवीन कुठलीतरी सिरियल, सगळे भाग एकदम सोडलेले. म्हटलं, "आता तर तुमच्या मनासारखं झालं, एका बैठकीत बघता येतं." म्हणाले, "चोरी तीच, फक्त पोतं मोठं आलंय. चौथ्या भागात गोष्ट संपली, दत्तू. तेव्हापासून सगळे नुसते फोनवर बोलतायत." मग फोन बाजूला ठेवून दम घेत म्हणाले, "पण ती म्हातारी बाई काय काम करते, बघशील. तिच्यासाठी शेवटपर्यंत बघणार." ...ते शेवटपर्यंत बघून झालं का, हे विचारायचं राहिलं.

प्रार्थनासभेला वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "संक्रांतीला बस निघेल. सिनेमा कोण सांगणार?" मी म्हटलं, मी आहे ना. मला पाठ आहे. वहिनींनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या, "दोन तासांत संपला पाहिजे. नाहीतर सांगू नका." मी म्हटलं, बिल्कुल. घरी भिंतीला सांगून बघितला, सुनेला सांगितला, भट्टीला सांगितला. सगळ्यांना आवडला, सून सोडून.

यंदाच्या बसमध्ये मी त्या दांडीला धरून उभा राहिलो. वहिनी पहिल्या सीटवर खिडकीशी, नेहमीसारख्या बाहेर बघत. मी सुरुवात केली. पहाट आहे, थंडी आहे... बस इतकी शांत झाली की मलाच भीती वाटली. सगळ्यांचे डोळे भरलेले, सॅमभाऊंची आठवण. मला ते सहन होईना. म्हणून मी मधे माझ्या शिंकेची गोष्ट टाकली. लोक हसले. हसले की मला राहवत नाही, हा माझा जुना आजार आहे. मग नमस्कार टाकला, पानवाला टाकला. थंडी किती हे सांगताना मी दिल्लीच्या थंडीवर गेलो, तिथून माझ्या रजईवर. मुरथल आलं तेव्हा चंद्रा अजून तंबूतून बाहेर पडायची होती. मला घाम फुटला. मध्यंतरानंतर मी सुटलो, तिला पळवत सुटलो, त्यात एक सरदार मधे आला, तो कुठून आला मलाच माहीत नाही, त्याला घालवण्यात दोन गावं गेली. आणि बस फाटकात वळली. थांबली. चंद्रा रणाच्या मधोमध, भाकरी फडक्यात, दुपारची वेळ... आणि मी तोंड उघडं ठेवून उभा.

लोक उठायला लागले. कुणी नावं ठेवली नाहीत, उलट एकदोघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते जास्त लागलं. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "बसा जरा सगळे." त्या उठल्या नाहीत, मागे वळल्यासुद्धा नाहीत. खिडकीतून बाहेर बघतच बोलायला लागल्या. ऊन उतरलं. चंद्राने वाटेत एक प्रेत उलटं केलं, तो तिचा नवरा नव्हता. तिने त्याचं तोंड पदराने पुसलं, कारण त्यालाही कुणीतरी शोधत असेल. मग हाका मारणारे आवाज कमी झाले. तिला एक आंबा दिसला. ती त्याच्याखाली बसली, फडकं सोडलं, भाकरीवरची माती झटकली आणि खाल्ली. सगळी खाल्ली. पाणी नव्हतं. मग ती उठली आणि चालायला लागली.

पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. मागे कुणीतरी हुंदका दिला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं, ते कधी केलं कळलंच नाही. वहिनींनी पर्स घेतली, शाल सारखी केली आणि उतरल्या. मी मागोमाग उतरलो, तिळगुळाचा डबा त्यांच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "वहिनी, यंदा जरा गडबड झाली. पुढच्या वर्षी मी..."

त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

"पुढच्या वर्षी मी सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागच्या सीटवर बसायचं, आणि तोंड बंद."